वायफायचा डबा नक्की कुणाचा?

फलकावरचा विषय वाचून एकदोघांनी संयोजकांना विचारलं म्हणे, की देशात एवढं राजकारण चाललेलं असताना वायफायवर व्याख्यान कशाला? तर आम्ही राजकारणावरच बोलणार आहोत. फक्त सुरुवात संसदेपासून न करता तुमच्या टीव्हीमागे धूळ खात पडलेल्या, हिरवे दिवे लुकलुकणाऱ्या डब्यापासून करू.

या डब्याबद्दल, मोबाइलमधल्या ॲपबद्दल, 'ओपन सोर्स' या शब्दाबद्दल आपल्याकडे मतं भरपूर आहेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये, लोकलमध्ये, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती रोज ऐकू येतात. 'चायनीज आहे, फेकून द्या.' 'फुकट मिळतंय ना, मग ओपनच की ते.' 'ओपन आहे म्हणजे सेफ असणार.' 'आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' या प्रत्येक वाक्यात थोडं थोडं तथ्य आहे, ते आम्ही नाकारत नाही. आमची तक्रार अशी की ही मतं बनवताना वस्तूकडे कुणी बघतच नाही. ती कोणत्या देशाची, कोणत्या पक्षाला आवडणारी, किती रुपयांची, एवढं पाहिलं की मत तयार. ती वस्तू शेवटी कुणाचं ऐकते, हा प्रश्न राहून जातो. आणि आमच्या मते त्यातलं खरं राजकारण तिथेच आहे.

आधी शब्द. महाराष्ट्रात 'ओपन' म्हटलं की माणसाला प्रवेशाचा फॉर्म आठवतो. (हशा) तो ओपन बाजूला ठेवू. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकट आणि मुक्त असे दोन्ही अर्थ कोंबलेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून तो गोंधळ निस्तरण्यात त्या मंडळींची निम्मी शक्ती गेली असेल. मराठीत ही अडचणच नाही. फुकट वेगळं, मुक्त वेगळं. अन्नछत्रात आमटी फुकट मिळते. पण तिच्यात काय घातलंय हे बघायला कुणी आत सोडत नाही. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आत जायची परवानगी असते. चालवा, वाचा, बदला, बदललेलं दुसऱ्याला द्या. त्यासाठी पैसे घेतले तरी ते मुक्तच राहतं. आपल्याकडे दोन स्वच्छ शब्द असताना आपण इंग्रजीतला गोंधळ आयात केला, ही कमालच म्हणायची.

या गोंधळाची किंमत मोजायची वेळ आपल्यावर एकदा आली होती. २०१५ मध्ये फेसबुकनं 'फ्री बेसिक्स' आणलं. निवडक वेबसाइट फुकट, बाकीच्यांना डेटाचे पैसे. तेव्हाचं घराघरातलं मत आठवा: 'गरिबाला काही तरी मिळतंय, तुमच्या पोटात का दुखतं?' मतामागची कणव खरी होती. पण फुकट काय मिळणार ते एक कंपनी ठरवणार होती, याकडे त्या कणवेचं लक्ष नव्हतं. शेवटी ८ फेब्रुवारी २०१६ रोजी 'ट्राय'नं मजकुरानुसार वेगवेगळे दर लावायला मनाई केली. त्या काळात सामान्य माणसं डेटाच्या दरांवर एखाद्या सामन्यासारखी भांडत होती. ती जाग पुढे टिकली नाही.

आता डब्याची जन्मकथा. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण आमचा सगळा मुद्दा तिच्यात आहे. लिंकसिस कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर डिसेंबर २००२ मध्ये बाजारात आला. पुढच्या वर्षी सिस्कोनं लिंकसिस विकत घेतली. त्याच सुमारास काही प्रोग्रामरांच्या लक्षात आलं, की या डब्यात लिनक्स चालतंय. लिनक्स वापरायला कुणाचीच हरकत नाही. पण त्याच्या जीपीएल परवान्यात एक अट आहे: ते घालून वस्तू विकलीत, तर त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, गिऱ्हाइकाला मिळाला पाहिजे. कंपनीनं तो दिलेला नव्हता. बोभाटा झाला, दबाव वाढला, आणि २००३ मध्येच कंपनीला कोड बाहेर काढावा लागला. त्या पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प सुरू झाला. बंद डब्यात घालता येईल असं मुक्त सॉफ्टवेअर जगभरच्या लोकांनी मिळून लिहायला घेतलं, आणि आजही ते चालू आहे.

मग काय झालं? घरातल्या साध्या डब्याला महागड्या यंत्रांची कामं जमायला लागली. कोणत्या यंत्राला किती वेग द्यायचा, पाहुण्यांचं वायफाय वेगळं कसं ठेवायचं, जाहिराती दारातच कशा अडवायच्या. कंपनीनं विकणं थांबवल्यावरही डबा वर्षानुवर्षं दुरुस्त होत राहिला. २००५ मध्ये कंपनीनं त्याच मॉडेलची नवी आवृत्ती काढली, तिची मेमरी निम्म्यावर आणली आणि लिनक्स काढून दुसरी, बंद प्रणाली घातली. पण जुन्या डब्याला मागणी एवढी, की त्याच कंपनीला 'जीएल' नावानं लिनक्सवाला डबा वेगळा विकावा लागला.

इथे आम्हाला आणखी एका लाडक्या मताला टाचणी लावायची आहे. 'ओपन सोर्स म्हणजे काही चांगल्या लोकांची समाजसेवा.' चांगली माणसं त्यात आहेतच. पण लिंकसिसचं कपाट उघडलं ते परवान्यातल्या एका कलमानं. भलेपणाच्या भरवशावर ते अजून बंदच असतं.

आता आपल्या घरात येऊ. फायबर घेतलं की नेटवाल्याचा माणूस येतो, भिंतीला भोक पाडतो, डबा लावतो, चिठ्ठीवर नाव-पासवर्ड लिहून देतो आणि 'काही लागलं तर फोन करा' म्हणून जातो. या डब्याला बहुतेक वेळा दोन दारं असतात. एक तुमचं. त्यातून वायफायचं नाव बदला, पासवर्ड बदला, झालं. दुसरं कंपनीचं, त्याची किल्ली तुम्हाला मिळत नाही. शिवाय टीआर-०६९ नावाची एक व्यवस्था आहे, २००४ पासूनची. तिच्यामुळे कंपनी तिच्या ऑफिसात बसून तुमच्या डब्याच्या सेटिंग बदलू शकते, आतलं सॉफ्टवेअरसुद्धा बदलू शकते. हे कट-कारस्थान नाही. एकट्या राहणाऱ्या आजींचं नेट बंद पडलं आणि फोनवरच्या मुलानं दुरून पाच मिनिटांत सुरू करून दिलं, तर आजी त्याला आशीर्वादच देतील. आमचाही द्या. पण किल्ली एकाच बाजूला का, एवढंच आमचं विचारणं आहे.

विजेचं उदाहरण घ्या. महावितरणची हद्द मीटरपाशी संपते. पुढची वायरिंग तुमची, पंखा तुमचा. कोणत्या कंपनीचा पंखा लावायचा हे महावितरण सांगत नाही, आणि रात्री तुमच्या पंख्याचा वेगही बदलत नाही. इंटरनेटचा मीटर कुठे आहे? कंपनीचं जाळं कुठे संपतं आणि तुमचं घर कुठे सुरू होतं?

जर्मनीत हा प्रश्न अगदी याच शब्दांत विचारला गेला. तिथे 'राउटरसक्ती' असा शब्दच रूढ झाला होता. कंपन्या म्हणायच्या, आमचं जाळं डब्यापर्यंत, म्हणून डबा आमचाच वापरा. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आणि ग्राहकांच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी काही वर्षं भांडून कायदा करून घेतला. १ ऑगस्ट २०१६ पासून तिथे कंपनीची हद्द भिंतीतल्या सॉकेटपाशी संपते, डबा ग्राहकाच्या पसंतीचा, आणि जोडणीला लागणारी माहिती कंपनीनं न मागता द्यायची. गंमत बघा, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर एका हल्ल्यात कोलमडले. हल्ला दुरून देखभाल करण्यासाठी ठेवलेल्या वाटेनंच आला होता. आजींचं नेट सुरू करणारी वाट आणि ही वाट एकच.

आपल्या कोणत्या जाहीरनाम्यात तुम्ही हा मुद्दा वाचलात? कोणत्या प्रचारसभेत ऐकलात? इकडे चर्चा होते ती डबा चायनीज आहे की नाही याची. तर तिकडे वळू.

२९ जून २०२० रोजी सरकारनं ५९ चिनी ॲपवर बंदी घातली. तेव्हापासून घरातल्या तंत्रज्ञानाबद्दलचं आपलं मत जवळजवळ पूर्णपणे झेंड्यावर चालतं. शत्रुराष्ट्राच्या हातात पुलाची किंवा पॉवर स्टेशनची किल्ली असू नये, हे आम्हालाही पटतं. पण झेंडा बदलला की किल्लीचा प्रश्न सुटला, असं मानणं आम्हाला पटत नाही. २०२५ च्या शरदात 'अरात्ताई' या स्वदेशी मेसेजिंग ॲपची लाट आली, मंत्र्यांनी शिफारस केली, लाखोंनी डाउनलोड केलं. ॲप बनवणाऱ्यांचं कौतुक आहेच. पण त्या वेळी त्यातले लेखी मेसेज टोकापासून टोकापर्यंत कुलूपबंद नव्हते, आणि त्याचा कोडही खुला नाही. या दोन गोष्टी किती जणांनी विचारल्या? स्वदेशी हा पत्ता झाला. घराला खिडकी आहे का, हे पत्त्यावरून कळत नाही.

सीसीटीव्हीचं उदाहरण याहून बोलकं आहे. एप्रिल २०२५ पासून आपल्याकडे नियम लागू झालाय, की कॅमेरे विकायचे तर कंपनीनं यंत्र आणि सोर्स कोड सरकारमान्य प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा. म्हणजे बंद कोडवर विश्वास ठेवता येत नाही, हे सरकारनंच लेखी मान्य केलं. उत्तम. पण तो कोड वाचणार कोण? प्रयोगशाळा. ज्याच्या दारावर कॅमेरा लागलाय तो कायम बाहेरच.

आता दुसऱ्या बाजूवरही बोलायला हवं, नाहीतर टाळ्या एकाच कोपऱ्यातून यायच्या. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागानं आदेश काढला, की प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 'संचार साथी' ॲप आधीपासून घातलेलं असावं. गदारोळ झाला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. सत्तेच्या बाजूचे म्हणाले, चोरीचा मोबाइल सापडतो, यात वाईट काय? विरोधातले म्हणाले, ही पाळत आहे. आम्हाला विरोधातल्यांचं म्हणणं जास्त पटलं, हे उघडच सांगतो. पण ज्या मोबाइलवरून ते निषेध लिहीत होते, त्यात कंपनीनं घातलेली, काढून टाकता न येणारी पाच-दहा ॲप आधीच बसलेली होती. त्यावर त्यांना कधी राग आला होता का? ॲप सरकारचं असेल तर पाळत आणि कंपनीचं असेल तर सोय, हे मत पक्षावरून ठरलं. मोबाइल बघून ते ठरलेलं नाही.

यावर आम्ही एक घरगुती परीक्षा सुचवतो. रविवारी दुपारी डब्याची बाहेरून येणारी तार काढा, वीज चालू राहू द्या, आणि घरात काय काय चालतं ते बघा. मोबाइलवरून प्रिंट निघते का? लॅपटॉपमधला लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर दिसतो का? आवाजावर चालणारा दिवा लागतो का? तो दिवा तुमच्यापासून आठ फुटांवर आहे; पण अशा कितीतरी दिव्यांना तुमचा हुकूम आधी दूरच्या सर्व्हरवर जाऊन परत यावा लागतो. अमेरिकेत रिव्हॉल्व नावाचा घरातली यंत्रं जोडणारा एक डबा होता. तो बनवणारी कंपनी गूगलच्या नेस्टनं घेतली, आणि मे २०१६ मध्ये त्याचा सर्व्हर बंद केला. पैसे मोजून घेतलेले, न बिघडलेले डबे त्या दिवशी विटा झाले.

ही परीक्षा सरकारही अधूनमधून घेतं. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात नेट बंद झालं. त्याच वर्षाच्या अखेरीला आंदोलनाच्या काळात बीड आणि जालन्यात. सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात १० जानेवारी २०२० रोजी सांगितलंय, की बेमुदत बंदी चालणार नाही आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. ते पाळलं जातं का, हे विचारत राहणं हे एक काम. पण तार तुटल्यावर एखाद्या दवाखान्याची पेशंटची यादी, शाळेच्या मार्कांची वही, सोसायटीचा हिशेब आतल्या आत चालू राहतो का, हे दुसरं काम, आणि ते आपल्या हातात आहे. आपल्याच जागेतल्या छोट्या संगणकावर फायली ठेवणारं नेक्स्टक्लाउड, यंत्रं चालवणारं होम असिस्टंट, सिनेमे दाखवणारं जेलीफिन, ही सगळी मुक्त सॉफ्टवेअर आहेत आणि बाहेरची तार नसतानाही घरापुरती चालतात. लावायला दोन शनिवार जातात. पहिला शनिवार शिव्या घालण्यात जातो. (हशा)

मग ओपन म्हणजे सेफ का? नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जगभरच्या लिनक्सवर असलेल्या एका छोट्या सॉफ्टवेअरमध्ये चोरदरवाजा सापडला. सगळा उघड्यावरचा प्रकल्प. सांभाळणारा मुळात एकच थकलेला माणूस. मदतनीस म्हणून दोनेक वर्षं विश्वास कमावत कुणीतरी आत शिरलं. पकडलं कुणी? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून तो खणत गेला. यात मुक्त सॉफ्टवेअरची लाजही आहे आणि बळही आहे. कोड उघडा असल्यानं कुणीतरी तो वाचलेलाच असणार, हा भाबडेपणा झाला. पण संशय आल्यावर त्याला आत जायला कुणाची परवानगी मागावी लागली नाही.

'आम्ही कुठे कोड वाचणार?' हे आम्ही सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य. बरोबर आहे, नाही वाचणार. माहितीच्या अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ ला आला, देशात २००५ ला. या सभागृहात किती जणांनी अर्ज केलाय? हात वर करा. चार, पाच... सहा. बाकीच्यांनी केला नाही म्हणून तो कायदा बाकीच्यांचा नाही का? तुमच्या वॉर्डातला एखादा खडूस माणूस अर्ज टाकतो, म्हणून तुमच्या रस्त्याच्या डांबराची फाइल जरा नीट राहते. कोड वाचणारा असाच एखादा खडूस माणूस पुरतो. मात्र त्याला वाचायचा हक्क असला पाहिजे, आणि जमलं तर त्याच्या पोटापाण्याचीही कुणी काळजी घेतली पाहिजे. एक्सझेडच्या बाबतीत ती कुणी घेतली नव्हती.

आणि हे राजकारणात जमू शकतं. केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकतात. तिथे मधल्या काळात डावे गेले, काँग्रेस आघाडी आली, पुन्हा डावे आले. वर्गातलं लिनक्स राहिलं. केंद्रानंही २०१५ मध्ये सरकारी कामात ओपन सोर्सला प्राधान्य देण्याचं धोरण काढलं आहे. कागद चांगला आहे, वाचा.

आता चिठ्ठ्या घेऊ. पहिली: 'माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मग एवढी काळजी कशाला?'

ताई, तुमच्याकडे नसेल. पण डबा एकट्या तुमचा नाही, घरातल्या सगळ्यांचा आहे. कोणत्या मोबाइलनं रात्री दोन वाजता कोणती वेबसाइट मागितली, हे डब्याला कळू शकतं. आतला मजकूर हल्ली बहुधा कुलूपबंद असतो, पण वेबसाइटचं नाव पुरेसं असतं. मुलीनं स्त्रीरोगतज्ज्ञाची साइट उघडली, सासऱ्यांनी कर्जाची, सुनेनं वकिलाची. आणि घरातला वायफायचा ॲडमिन कोण असतो? आम्ही पाहिलेल्या बहुतेक घरांत नवरा किंवा मोठा मुलगा. इथे आमच्या मुक्तवाल्या मित्रांनाही ऐकवायचंय: तुमचा ओपनडब्ल्यूआरटी घातलेला डबा त्या ॲडमिनच्या हातात कंपनीच्या डब्यापेक्षा जास्त ताकद देतो. कंपनीकडून किल्ली काढून घेतली आणि एकाच माणसाच्या खिशात टाकली, तर सुनेच्या दृष्टीनं फक्त मालक बदलला. पासवर्ड घरातल्या दोघांकडे तरी असावा, आणि नोंदी ठेवायच्या की नाहीत हे जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ठरावं. हे कोणतंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

दुसरी चिठ्ठी: 'मग राउटर कोणता घेऊ ते सांगा.' हा प्रश्न येणारच होता.

ब्रँड सांगणार नाही, पद्धत सांगतो. दुकानात जायच्या आधी ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवर चालणाऱ्या यंत्रांची यादी बघा. मॉडेलचं नाव जुळलं म्हणून थांबू नका, खोक्याच्या खाली व्हर्जन लिहिलेलं असतं तेही जुळलं पाहिजे. एकाच नावाच्या दोन व्हर्जनमध्ये आतली चिप वेगळी असते. फ्लॅश १६ एमबी आणि रॅम १२८ एमबीपेक्षा कमी असेल तर घेऊ नका. फायबरचा डबा लगेच फेकू नका, प्रकाशाचे सिग्नल त्यालाच कळतात. नेटवाल्याला सांगा, तो ब्रिज मोडवर टाका आणि पीपीपीओईचं यूजरनेम-पासवर्ड द्या, पुढचा राउटर आम्ही आमचा लावतो. काही जण पाच मिनिटांत करून देतात. काही जण म्हणतात, कंपनीची पॉलिसी नाही. मग ती पॉलिसी ई-मेलवर मागवा आणि जपून ठेवा. 'ट्राय' जेव्हा लोकांच्या सूचना मागवते, तेव्हा जोडायला उपयोगी पडते.